दहा दिवस पाण्यात

३ डिसेंबर
फरशीचा निकाल लागला आणि माझ्या विरुद्ध लागला.

नव्या घरात मला व्हिट्रिफाइड टाइल हवी होती. थोरल्या भावाच्या, पेरियण्णनच्या घरात आहे तशी. पांढरी, मोठी, वाकलं तर तोंड दिसेल अशी. सदतीस वर्षं टपाल खात्यात काढली, शेवटची नऊ पोस्टमास्तर म्हणून, आणि सगळी उखडलेल्या सिमेंटवर खुर्ची टाकून. आता निवृत्तीनंतर पायाखाली काहीतरी चकचकीत असावं, एवढी माफक इच्छा. कारैकुडीच्या शोरूममध्ये सिगप्पी चपला काढून त्या टाइलवर उभी राहिली. बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "अहो, हिला आपण उभे आहोत हे कळतच नाही."

"कुणाला?"

"टाइलला."

विक्रेता तोंड फिरवून हसला. चाळीस वर्षांच्या संसारात या बाईने मला अशा किती ठिकाणी खाली बघायला लावलंय, त्याची यादी वेगळी करता येईल.

तिथून तिने मला आत्तंगुडीच्या बसमध्ये बसवलं. गावाबाहेर मलैचामी नावाच्या मिस्त्रीची शेड आहे. तिथे टाइल हाताने, काचेवर ओततात. भिंतीला पितळेच्या जाळ्या टांगलेल्या. त्यातल्या एकीपाशी सिगप्पी थांबली आणि मटकन खालीच बसली. आठ पाकळ्यांचं फूल, एक पाकळी जरा आखूड.

"ही आमच्या घरातली," ती म्हणाली.

तिच्या माहेरचं घर भावांनी विकलं त्याला बारा वर्षं झाली. घेणाऱ्याने घरातली जमीन खणून काढली. ती जमीन याच मिस्त्रीच्या बापाने ओतलेली निघाली. मिस्त्री तिला आमच्याकडच्या मानाच्या हाकेने म्हणाला, "आची, मी सात वर्षांचा होतो. तुम्ही पाच-सहाच्या. तुम्ही ओल्या फरशीवरून पळालात आणि धपाटा माझ्या पाठीत बसला."

सिगप्पी हसली. असं हसताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. काय हवं ते माग म्हणून मीच सांगून टाकलं, पण ते बसमध्ये बसल्यावर मला टोचायला लागलं. आठवण त्या दोघांची, घर मात्र माझं.

११ डिसेंबर
अकराची बस. आठवड्यात दुसऱ्यांदा. "रंग बघून येते," म्हणते. लाल तो लाल, त्यात बघायचं काय?

आज मीही गेलो. मलैचामी साठीचा आहे, पण केस दाट, मिशी पांढरी आणि पोट अजिबात नाही. निळ्या चौकड्यांची लुंगी. काचेवर चौकट ठेवतो, चौकटीत जाळी, आणि पळीने एकेका पाकळीत रंग सोडतो. पिवळा, काळा, भोवती लाल. मग जाळी अलगद उचलतो. तेव्हा सगळी शेड गप्प होते. सिगप्पीने श्वास रोखून धरला होता. माझ्यासाठी तिने कधी श्वास रोखल्याचं मला आठवत नाही.

ती त्याला "अण्णा" म्हणते. अण्णा म्हटलं की सगळं झाकतं.

त्याची मागण्यांची वही चाळली. एक अक्षर नाही. नुसत्या रेघा, ठिपके, फुलं, नागमोडी खुणा. "हे काय?" विचारलं तर "माझं मला कळतं, सार," म्हणून वही हळूच ओढून घेतली. चोराच्या मनात चांदणं. सदतीस वर्षं लोकांची पत्रं हाताळली आहेत मी. लपवाछपवी मला वासावरून कळते.

माझा जळफळाट होतो आहे. ही वही कुणी वाचत नाही, म्हणून लिहायला हरकत नाही.

२० डिसेंबर
आज पाळत ठेवली.

सिगप्पी अकराच्या बसने गेली, मी साडेअकराच्या. शेडच्या मागच्या बाजूला पाण्याचे हौद आहेत, तिथे उभा राहिलो. तिने पिशवीतून एक निळं आंतर्देशीय पत्र काढलं. दोन्ही हातांनी त्याला दिलं. त्याने ते उन्हात धरलं, उलटं केलं, सुलटं केलं, पुन्हा उन्हात धरलं. एका पत्राला इतका वेळ! मग रंगाच्या डब्यांशेजारी फळीवर, काचेखाली जपून ठेवलं.

"सारना कळू देऊ नका हं," ती म्हणाली. मी स्वतः ऐकलं.

"नाही कळणार, आची. मी या हाताने ओततो आणि या कानाने विसरतो."

परत बसने घरी आलो आणि झोपल्याचं सोंग घेतलं. ती येताना माझ्यासाठी गरम पणियारम घेऊन आली, गुळाच्या आप्प्यांसारखं. उठून खाल्लं. चांगलं होतं. तेच तर वाईट.

४ जानेवारी
आज आडून आडून विचारलं. "काय गं, आजकाल आंतर्देशीय पत्र कुणी लिहितं का?"

"तुम्ही पोस्टमास्तर, तुम्ही सांगा."

"तू कुणाला लिहितेस?"

"मी?" ती तांदूळ निवडत होती, मान वर केली नाही. "तुम्ही लिहायचात, मी उत्तर द्यायची. तुम्ही घरी राहायला आलात आणि माझं लिहिणं संपलं."

हे खरं आहे. लग्नानंतर अकरा वर्षं बदल्यांमध्ये गेली. रामनाथपुरम, नागरकोविल, मग ते पांबनचं पोस्ट, जिथे खारं वारं शिक्क्याची शाई खायचं. ती इथे माझ्या आईजवळ. दर पंधरा दिवसांनी मी एक पत्र टाकायचो, त्यात खंड नाही. काय लिहायचो ते आता आठवत नाही. तब्येत, मनिऑर्डर, पाऊस. कर्तव्यात मी कधी कमी पडलो नाही. आणि त्याचं हे फळ.

१६ जानेवारी
पोंगल झाला. मिस्त्रीने सगळ्या टाइल्स ओतून आजपासून हौदात सोडल्या. दहा दिवस पाण्यात, त्यानंतरच काच सुटते आणि टाइल घरी येते. नवव्या दिवशीही काढत नाहीत, म्हणाला. पाणी पिऊन टाइल पक्की होते, रंग आत धरून ठेवते.

सिगप्पी म्हणते, दहाही दिवस रोज एक फेरी मारीन. "बुडवलेल्या टाइलला काय बघायचंय?" मी विचारलं.

"आपली आहे ना, बघून येते."

आपली! बाळंतिणीच्या खोलीत डोकावल्यासारखी जाते आणि येते. गृहप्रवेश सहा फेब्रुवारीला आहे. तोवर मी वेडा होईन.

२० जानेवारी
काम केलं. बरं की वाईट ते लिहीत नाही. काय केलं ते लिहितो.

सिगप्पीला आमच्या कुळाच्या देवळात अभिषेकाला पाठवलं आणि मी आत्तंगुडीला गेलो. मलैचामी हौदाच्या कठड्यावर बसला होता.

"मिस्त्री, टाइल्स आज काढा. उद्या गाडी पाठवतो."

"चौथा दिवस आहे, सार. कच्च्या आहेत."

"जोतिषाने सांगितलंय, तेवीस तारखेनंतर जमिनीला हात लावायचा नाही."

"मग जोतिषालाच झोपवा की त्या जमिनीवर. रंग सुटेल, सार. पायाला लागेल."

आणि मग माझ्या तोंडून निघालं, "माझं नाही, आचीचं म्हणणं आहे. तिला हे विचारायला जाऊ नका. जोतिषाची चेष्टा केली की तिला दुखतं."

माझा शब्द त्याने कठड्यावरून उडवून लावला असता. तिचं नाव घेतल्याबरोबर उठला आणि लुंगी खोचून हौदात उतरला. एका बाईच्या नावावर माणूस एवढ्या थंड पाण्यात उतरतो! याहून पुरावा काय पाहिजे?

घरी सिगप्पीला सांगितलं, टाइल्स तयार आहेत.

"दहा दिवस म्हणाले होते ना?"

"हवा कोरडी आहे, म्हणाला मिस्त्री."

"अण्णा म्हणाले तर ठीक," ती म्हणाली. बस. दुसरा प्रश्न नाही. मी म्हणालो असतो तर दहा प्रश्न आले असते.

२४ जानेवारी
फरशी बसली. काल सिगप्पीने मला मुद्दाम मदुरैला पिटाळलं, समया आणायला. कारैकुडीत समया मिळत नाहीत काय? परत आलो तर बसवणारे भाताच्या कोंड्याने जमीन घासत होते. बादलीतलं पाणी जरा लालसर. "ताजी आहे, थोडं जाईल," त्यांच्यातला एकजण म्हणाला. सिगप्पी खोबरेल तेलाचे चार थेंब फडक्यावर घेऊन एकेक फूल पुसत होती. जमीन उठून दिसते आहे, हे मान्य करावं लागेल. पेरियण्णनच्या पांढऱ्या टाइलवर माणूस दवाखान्यात आल्यासारखा वाटतो. इथे जेवायला बसावंसं वाटतं.

पण खिडकीजवळ, जिथे माझी खुर्ची येणार, तिथे चटई पसरलेली.

"हिला हात लावायचा नाही," सिगप्पी म्हणाली. "गृहप्रवेशाच्या दिवशी मी उचलीन."

ती न्हाणीघरात गेल्यावर मी कोपरा उचलला. निळ्या टाइल्स. अख्ख्या लाल जमिनीत तेवढाच चौकोन निळा. आणि निळा तरी कसा? मलैचामीच्या लुंगीचा.

माझ्या घरात, माझ्या खुर्चीखाली! चटई होती तशी ठेवली. जेवलो नाही. पोट बिघडलंय म्हणून सांगितलं. तिने ओव्याचं पाणी करून दिलं.

६ फेब्रुवारी
सकाळी साडेसातचा मुहूर्त. दीडशे माणूस. आमच्यात कुणाला वगळता येत नाही. दारात सगळ्यांनी पाय धुतले आणि ओल्या पायांनी आत आले. सिगप्पीने दूध तापवलं, ते पूर्वेला उतू गेलं, सगळ्यांनी बरं म्हटलं. आणि तेवढ्यात पेरियण्णनची बायको पाय वर करून ओरडली, "अगं बाई, हे काय!"

तळवे लाल. तिचे, तिच्या सुनेचे, भटजींचे. जिकडेतिकडे लाल पावलं. पुरुषांच्या पांढऱ्या वेष्टीच्या काठांना लाल, रेशमी साड्यांच्या निऱ्यांना लाल. ज्या वाटेने माणसं चालली त्या वाटेवरची फुलं पुसट झालेली. कुणीतरी म्हणालं, लक्ष्मीची पावलं. कुणी हसलं नाही. पेरियण्णन मात्र हसला.

मलैचामी पाहुणा म्हणून आला होता, धुतलेला सदरा घालून. घर बांधणाऱ्यांना आमच्याकडे या दिवशी वेष्टी देऊन मान देतात. त्याचं तबक सिगप्पीने सगळ्यात वर ठेवलं होतं. पेरियण्णन चारचौघांत मोठ्याने म्हणाला, "काय मिस्त्री, टाइल बनवता की कुंकू? आमच्या माणसाला म्हातारपणी बरं गाठलंत!"

मलैचामीने सिगप्पीकडे पाहिलं. एकदाच. तिच्या चेहऱ्यावर नुसतं आश्चर्य होतं. मग त्याने मान खाली घातली.

"चूक माझी, आची. पाण्यात कमी राहिली. सगळी पुन्हा ओतून देतो. पैसे नकोत."

"तुम्ही?" ती म्हणाली. "अण्णा, तुम्ही?"

तो गेला. तबक तसंच राहिलं. मी समईची वात सारखी करत होतो.

मला हवं होतं ते झालं. आता ती अकराची बस पकडणार नाही.

९ फेब्रुवारी
पकडत नाही. कुठेच जात नाही. गुडघ्यांवर बसून एकेक टाइल पुसते, फडकं लाल होतं, पिळते, पुन्हा पुसते. "अहो, बापाची जाळी होती त्यांची," म्हणाली. "त्या जाळीशी ते असे कसे खोटे वागले?"

मी म्हणालो, "माणसं ओळखता येत नाहीत." जीभ झडली नाही माझी.

पेरियण्णनने फोन करून अभिमानाने सांगितलं, त्याच्या दोन्ही साडूंनी मलैचामीला दिलेलं काम काढून घेतलं. एक लग्नघराचं होतं. पाहुण्यांचे पाय बघून कोण ठेवील?

पण तो बोलत का नाही? सरळ सांगायचं, आचीनेच काढायला लावल्या. सांगत नाही. ती चुकली असं समजतो आणि झाकतो तिला. स्वतःचं नाव बुडवून! हे प्रेम नाही तर काय आहे? लिहिताना माझ्या लक्षात येतंय की मी कधी कुणासाठी एवढं केलेलं नाही. ते वाचून अजूनच जळतो.

१० फेब्रुवारी
आज दुपारी सिगप्पीने चटई उचलली. समारंभ वगैरे नाही. पुसता पुसता तिथपर्यंत आली आणि उचलली. "बसा," म्हणाली. "तुमच्यासाठी होतं. त्या दिवशी राहूनच गेलं."

नऊ टाइल्स, निळ्या. मी अनवाणी उभा राहिलो. ओल्या पायांनी. पाय वर करून बघितला, स्वच्छ.

"ह्या कशा धड?" मी विचारलं.

"ह्या आधी ओतल्या होत्या, डिसेंबरात. पुरे दहा दिवस पाण्यात होत्या. अण्णांनी लपवून ठेवल्या." मग तिने पदराच्या गाठीतून ते निळं पत्र काढलं. "हाच रंग हवा होता. डब्यातला निळा असा नसतो. म्हणून नमुन्याला नेलं होतं. कालच परत पाठवलंय त्यांनी, गाडीवाल्याच्या हाती. काही बोलले नाहीत."

पत्रावर माझं अक्षर. पांबनचा शिक्का, शाई खाल्लेली. बदलीचं रडगाणं, मनिऑर्डरचा नंबर, आईच्या गुडघ्याचं औषध. आणि अगदी खाली, जिथे डिंक लावतात तिथे जागा उरली म्हणून लिहिलेलं: "आपलं घर बांधू तेव्हा जमीन तू निवड. मी मधे एक शब्द बोलणार नाही."

ती म्हणाली, "सगळी पत्रं ठेवली आहेत. हे जास्त आवडतं."

खुर्चीवर बसलो. संध्याकाळपर्यंत उठलो नाही.

११ फेब्रुवारी
ती नारळ खवत होती. मी समोर पाटावर बसलो आणि सांगून टाकलं.

"मिस्त्रीने चूक केली नाही. चौथ्या दिवशी टाइल्स मी काढायला लावल्या. तुझं नाव सांगून."

खवणी थांबली. "का?"

"तू रोज जात होतीस."

"मलैचामीअण्णांकडे?"

"हो."

ती हसेल असं वाटलं होतं. रडेल असंही वाटलं होतं. तिने खवलेला नारळ झाकून ठेवला, हात धुतले, पुसले.

"अकरा वर्षं मी निळ्या कागदांवर काढली," ती म्हणाली. "तुम्हाला सहा दिवस निघाले नाहीत?"

मग आत गेली आणि तबक घेऊन आली. वेष्टी, पंचा, विडा सुकलेला होता तो बदलून नवा ठेवला. "हे त्यांचं आहे. तुम्ही नेऊन द्या. आणि थोरल्या भावजींना आणि त्यांच्या साडूंना बरोबर न्या. चेष्टा चारचौघांत झाली, खरंही चारचौघांत होऊ दे."

"पेरियण्णनसमोर?"

"हो. त्यांच्या पांढऱ्या टाइलवर उभं राहून सांगितलंत तरी चालेल. त्यात तोंडही दिसेल तुमचं."

१३ फेब्रुवारी
सांगितलं. चौघांसमोर, शेडमध्ये, हौदाच्या कठड्यापाशी. बायकोपायी एवढा खुळा झालास, असं पेरियण्णन नंतर गाडीत म्हणाला. लग्नघराचं काम त्याच्या साडूने तिथल्या तिथे परत दिलं.

मलैचामीने माझी माफी ऐकलीच नाही. त्याने एकच विचारलं, आणि दोनदा विचारलं. "म्हणजे आचींनी नव्हतं सांगितलं?"

"नव्हतं."

"माझ्या अप्पांच्या जाळीची टाइल आची चौथ्या दिवशी काढायला लावतील, हे मला झेपतच नव्हतं, सार." तो खाली बसला. वेष्टी मांडीवर घेतली आणि पंच्याने डोळे पुसले.

तिने सांगितलं नव्हतं, एवढ्यावरच याला केवढा आनंद! आत काहीतरी पुन्हा टोचलं. खोटं कशाला लिहू?

९ मार्च
नवी जमीन ओतून झाली. खर्च माझा. तीन तारखेला टाइल्स हौदात गेल्या. सिगप्पी एकदाही गेली नाही. तिने मला अकराच्या बसला बसवलं. "आपली आहे ना, बघून या," म्हणाली. तेव्हापासून रोज जातो.

तिथे काही करायचं नसतं. कठड्यावर बसायचं. पाण्याखाली फुलं दिसतात, आखूड पाकळीसकट. पहिले चार दिवस मिस्त्री कामापुरतं बोलला. पाचव्या दिवशी चहा दिला, बिनसाखरेचा. आज साखर होती.

चहा पिताना त्याने विचारलं, "सार, रागवू नका. त्या निळ्या पत्रात काय होतं? आचींनी इतकं जपून दिलं होतं. मी नुसता रंग बघितला. मला वाचता येत नाही."

मला त्याची वही आठवली. त्या रेघा, ते ठिपके, ती फुलं. कान तापले.

"काही नाही," मी म्हणालो. "जमीन तिने निवडायची आणि मी मधे एक शब्द बोलायचा नाही, असं मी तिला लिहून दिलं होतं."

मलैचामी इतका हसला की त्याचा चहा सांडला. मग कप बाजूला ठेवून त्याने हौदाकडे बोट केलं.

"मग बसा की गप्प, सार. अजून चार दिवस आहेत."

बसलो.